बार्शीचे रूळ, माथेरानची वळणे आणि मस्कतचे अंगण

ओमानमध्ये आपण मंडळी वर्षानुवर्षे राहतो, पण एक आवाज येथे कानावर पडत नाही. तो म्हणजे आगगाडीच्या शिट्टीचा. सोहार आणि अबूधाबी यांना जोडणाऱ्या ‘हफीत रेल’ या मार्गाचे काम २०२४ साली सुरू झाले. तोपर्यंत या देशाचा सारा व्यवहार गलबतांवर, उंटांवर आणि पुढे मोटारींवरच चालला. त्यामुळे येथे वाढलेल्या आपल्या मुलांना आगगाडी भेटते ती सुट्टीत गावी गेल्यावर, आणि तीही बहुधा रुंद रुळांवरून भरधाव जाणारी एक्स्प्रेस. जिच्या खिडकीतून हात काढला तर करवंदाच्या जाळीला लागेल अशी छोटी गाडी आता त्यांच्या वाट्याला क्वचितच येते.

बागेत किंवा अंगणात अरुंद रूळ टाकून छोटी आगगाडी चालवण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. आपल्याकडे त्याकडे श्रीमंतांचा खेळ म्हणून पाहिले जाते. परंतु या छंदाचा इतिहास उलगडू लागलो की त्याचे धागे थेट बार्शी, कुर्डुवाडी, नेरळ आणि ग्वाल्हेरपर्यंत पोहोचतात. त्या धाग्यांची ओळख करून देणे आणि मस्कतच्या अंगणात असा मार्ग टाकायचा तर त्या इतिहासाचा काय उपयोग होतो हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अरुंद म्हणजे किती?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतातील रुंद मार्गाचे गेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. त्याखालोखाल मीटर गेज. त्याहून अरुंद मार्ग आपल्याकडे मुख्यतः दोन मापांचे झाले : अडीच फूट (७६२ मिलिमीटर) आणि दोन फूट (६१० मिलिमीटर).

रूळ जवळ आणले की काय साधते? वळण लहान घेता येते, त्यामुळे डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या अंगाने जाता येते. रूळ हलके, पूल लहान, जमीन कमी, म्हणून खर्चही कमी. त्याची किंमतही मोजावी लागते. वेग कमी राहतो आणि रुंद मार्गाशी गाठ पडते तेथे सारा माल हमालांकरवी एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागतो. थोडक्यात, जागा आणि पैसा दोन्ही तोकडे असताना काम कसे भागवावे याचे हे शास्त्र आहे. अंगणात रूळ टाकणाऱ्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

एका बागेत झालेले प्रयोग

या शास्त्राचा एक महत्त्वाचा अध्याय खरोखरच एका बागेत लिहिला गेला. इंग्लंडमध्ये डर्बीजवळ डफील्ड येथे सर आर्थर हेवूड या जमीनदाराने १८७४ च्या सुमारास आपल्या घराच्या आवारात पंधरा इंची गेजचा मार्ग टाकायला घेतला. मोठ्या जहागिरी, खाणी आणि लष्कर यांच्या उपयोगाचा, माणूस व माल सुरक्षित नेणारा सर्वांत लहान मार्ग कोणता, हे त्याला ठरवायचे होते. दहास एक असे तीव्र चढ आणि अवघ्या पंचवीस फूट त्रिज्येची वळणे त्याने मुद्दाम ठेवली. अशा वळणावर अनेक चाकांचे इंजिन अडकू नये म्हणून आस वळणाप्रमाणे फिरण्याची खास रचना शोधून काढली आणि १८८१ साली आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. पुढे वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने आपल्या ईटन हॉल या जहागिरीसाठी त्याच्याकडून तसाच मार्ग बांधून घेतला. हेवूडच्या ‘म्युरिएल’ या १८९४ च्या इंजिनाचे भाग वापरून तयार झालेले इंजिन इंग्लंडच्या रेव्हनग्लास–एस्कडेल मार्गावर अजून धावते.

त्याच काळात फ्रान्समध्ये पॉल दकोविल याने शेतातील बीट वाहून नेण्यासाठी रूळ व पट्ट्या एकत्र जोडलेले तयार तुकडे बनवले. दोन माणसांनी उचलावेत, हवे तेथे जोडावेत आणि काम संपले की पुन्हा उचलून न्यावेत. ही दकोविलची युक्ती लक्षात ठेवावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती पुढे उपयोगी पडणार आहे.

कॅलथ्रॉप आणि बार्शी लाइट

अरुंद मार्गाच्या इतिहासात सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नाव जगभरचे जाणकार आदराने घेतात, ही गोष्ट आपल्याला अभिमानाची वाटावी. त्याचे श्रेय एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंजिनिअरकडे जाते. तो १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्ग तिच्यापासून वीस-एकवीस मैल दूर. माल बैलगाड्यांनी स्टेशनावर यायचा. मधला पल्ला हलक्या रेल्वेने जोडावा ही कल्पना त्याने उचलली. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८९५ साली कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी गाडी सुरू झाली.

कॅलथ्रॉपचे खरे कर्तृत्व त्याच्या हिशेबात आहे. त्याने ठरवले की इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये. सगळीकडे भार सारखा राहिला तर यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात. मग त्यावर ओढशक्ती कमी पडू नये म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीकडून त्याने आठ जोडचाकांची इंजिने घेतली. वजन अनेक आसांवर वाटले गेले, ताकद मात्र शाबूत राहिली. वाघिणीही त्याने लांब, दाबलेल्या पोलादाच्या आणि बोगीवर बसवलेल्या केल्या. त्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन कमी आणि पोटातला माल जास्त, असे प्रमाण साधले. लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून त्याने ही सारी सामग्री आधी तज्ज्ञांना चालवून दाखवली होती.

हा मार्ग १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचला, आणि एकूण लांबी २०२ मैल झाली. वाटेत पंढरपूर असल्यामुळे आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची एवढी झुंबड उडे की मालाच्या वाघिणींतूनही माणसे न्यावी लागत. १९५४ साली सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री बनवण्यात गुंतला. त्याला आणखी एक नाद होता, अरबी घोडे पाळण्याचा. त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. ओमानमध्ये बसून हे वाचताना मौज वाटते.

माथेरान : डोंगराच्या अंगाने

कॅलथ्रॉपचे नाव पुन्हा भेटते ते माथेरानला. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात काम तडीस नेले आणि सल्लागार इंजिनिअर होता कॅलथ्रॉप. खर्च झाला सोळा लाख रुपये. येथे गेज घेतले दोन फुटांचे, कारण जागा त्याहून अधिक देत नव्हती. नेरळ ते माथेरान या सुमारे एकवीस किलोमीटरमध्ये गाडी सुमारे ७६० मीटर चढते. चढ काही ठिकाणी विसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. दात्यांचे रूळ नाहीत, ओढणारा दोर नाही. नुसत्या चाकाच्या पकडीवर ही चढण पार पडते.

ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीने बनवलेल्या मूळ इंजिनांत क्लिन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस होते. मूळ आसाभोवती एक पोकळ आस बसवलेला, तो वळणावर किंचित फिरतो आणि सरकतो, आणि तरीही त्याला इंजिनाची ताकद मिळत राहते. हेवूडने आपल्या बागेत जो प्रश्न सोडवला होता, तोच येथे सह्याद्रीच्या कड्यावर दुसऱ्या रीतीने सुटला. उतरताना डब्यांवर ब्रेकवाले बसत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळत. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या स्टेशनांवर वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्यांची गाठ पडे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा भाग बंद ठेवण्याची प्रथा आहे. ती लक्षात राहू द्यावी, कारण मस्कतमध्ये तिचा पुन्हा उल्लेख येईल.

ग्वाल्हेर : ताटापुढून धावणारी गाडी

खरी आगगाडी आणि खेळातली आगगाडी यांच्यामधली रेघ एका मराठी राजघराण्यात अगदीच पुसट झाली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना इंजिनांचा अतोनात शौक. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावर रूळ बसवून त्यांनी चांदीची छोटी आगगाडी फिरती ठेवली. तिच्या डब्यांतून मद्य, सिगार आणि जेवणानंतरचे पदार्थ पाहुण्यांसमोर येत. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे आणि परत ठेवली की पुढे चाले. ही गाडी राजवाड्याच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

त्याच महाराजांनी संस्थानात दोन फुटी मार्गांचे जाळे विणले. शिवपुरी आणि भिंडकडे जाणारे मार्ग १८९९ साली सुरू झाले आणि १९०९ पर्यंत गाडी श्योपूरला पोहोचली. ग्वाल्हेर–श्योपूर हा सुमारे दोनशे किलोमीटरचा पल्ला दोन फुटी गेजवर पार करणे म्हणजे प्रवाशांच्या सहनशक्तीची परीक्षाच असे, परंतु चंबळच्या त्या मुलखाला दुसरे साधन नव्हते. शिंद्यांची ही रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली.

सामान्य मराठी मुलांना बागेतली गाडी मिळाली ती पुण्यात. पेशवे पार्कात १९५६ साली ‘फुलराणी’ सुरू झाली आणि कित्येक पिढ्यांनी आगगाडीचे पहिले तिकीट तेथेच काढले. पुढे १९९८ साली कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. तेथील गाड्या ८७ पट लहान. छपराखालच्या त्या नगरात सिग्नल, सांधे आणि वेळापत्रक यांचा मेळ कसा घातला आहे हे पाहण्यासारखे आहे.

काय उरले?

आता या साऱ्या मार्गांची स्थिती पाहू. बार्शी लाइटचे रूळ २००२ ते २०१० या काळात टप्प्याटप्प्याने रुंद झाले. लातूरकरांची त्यामुळे सोय झाली, यात शंका नाही. विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. पुढे तीही बंद पडली. पाचोरा–जामनेर आणि ग्वाल्हेर–श्योपूर या गाड्या २०२० साली थांबल्या आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावल्या नाहीत. महाराष्ट्रात प्रवाशांसाठी चालणारी अरुंद गाडी म्हटली की आता माथेरानचेच नाव घ्यावे लागते आणि तिलाही दरडींनी अनेकदा रोखले आहे. २०१९ च्या पावसात वाहून गेलेला तिचा घाटमार्ग सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

रूळ रुंद होण्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. हमालांच्या पाठीवरून माल उतरवण्याचे दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण रुळांबरोबर एक ज्ञानही जाते. पाच टनांचा हिशेब, ब्रेकवाल्यांच्या खुणा, पाणी भरण्याच्या जागा, एकेरी मार्गावर दोन गाड्यांची गाठ घालण्याची शिस्त, हे सारे त्या मार्गावर काम करणाऱ्यांच्या हातांत होते. इंजिन संग्रहालयात ठेवता येते. ते चालवण्याची रीत तेथे ठेवता येत नाही, ती चालवूनच टिकते. म्हणून अंगणातल्या गाडीकडे नुसता खेळ म्हणून पाहू नये असे वाटते.

मस्कतच्या अंगणात

समजा, आपण माथेरानचा मार्ग अंगणात आणायचे ठरवले. दोन फुटी गेजसाठी जाणकार एका फुटाला सोळा मिलिमीटर हे प्रमाण घेतात, म्हणजे सगळे १९ पट लहान. ६१० ला १९ ने भागले की ३२ मिलिमीटर येतात आणि ३२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. बार्शी लाइट करायची असेल तर तेच रूळ ठेवून प्रमाण २४ पट घ्यावे. ७६२ भागिले २४ म्हणजे पावणेबत्तीस, अगदी चपखल. जर्मनीच्या लेमान कंपनीने १९६८ साली बाजारात आणलेल्या ‘एलजीबी’ गाड्या ४५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. त्या मीटर गेजच्या मापाने बनवलेल्या असतात, म्हणून आपल्या कामी सरळ येत नाहीत.

आता १९ पट लहान केले तरी नेरळ–माथेरान हा मार्ग अकराशे मीटर लांब होतो आणि त्याचा चढ होतो चाळीस मीटर! एवढे अंगण कोणाकडेच नाही. म्हणून सगळा मार्ग घेण्याचा मोह सोडून एकच जागा निवडावी. जुम्मापट्टी घ्या, किंवा कुर्डुवाडीच्या फलाटाचा एक कोपरा घ्या. चढाचे प्रमाण मात्र लहान होत नाही. विसास एक म्हणजे येथेही मीटरला पाच सेंटिमीटर, आणि छोट्या इंजिनाला ते झेपणे कठीण. चाळिसास एक धरला तर गाडी बिनबोभाट चढते.

येथील खरी परीक्षा उन्हाची. उघड्यावरचे पितळी रूळ उन्हाळ्याच्या दुपारी सत्तर अंशांपर्यंत तापले आणि जानेवारीच्या रात्री पंधरावर आले, तर दहा मीटरच्या पट्ट्यात दहा मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. सांधे घट्ट बसवले आणि रूळ सिमेंटला खिळवले तर ते सापासारखे वाकतात. म्हणून सांध्यांत फट ठेवावी, रूळ खिळ्यांनी जखडू नयेत आणि बारीक खडीत नुसते बसवावेत. पट्ट्यांचे प्लास्टिक उन्हाला टिकणारे घ्यावे. रुळांतून वीज खेळवली तर धुळीमुळे ती वारंवार तुटते, त्यापेक्षा इंजिनातच बॅटरी बरी. वादळी पावसाचे पाणी वाहून जायला वाट ठेवावी. येथील वाडी कोरडी दिसते तोवर दिसते, हे २००७ च्या गोनू आणि २०२१ च्या शाहीन वादळानंतर कोणाला सांगायला नको.

मार्गाची आखणी कशी करावी याचे उत्तम उदाहरण ओमानमध्येच आहे. निझवा किंवा बिरकत अल् मौझकडे गेलात तर फलजचा पाट नीट पाहा. डोंगराच्या अंगाने, अगदी मंद उतार सांभाळत, वळणे घेत पाणी गावात आणले आहे. जमिनीशी न भांडता उतार राखणे ही विद्या फलज खोदणाऱ्याला आणि घाटात रूळ टाकणाऱ्याला सारखीच लागते. पाण्याची पाळी वेळ मोजून वाटण्याची येथील पद्धतही आपल्या एकेरी मार्गाच्या शिस्तीची आठवण करून देते.

आपल्याकडे मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात. माती, दगड, हळिवाची हिरवळ आणि वर मावळे. अंगणातली गाडी म्हणजे त्याच किल्ल्याला रूळ जोडणे. येथे दिवाळीच्या सुमारास हवा बाहेर बसण्याजोगी होते आणि पाडव्यानंतर उन्हाळा चढू लागतो. म्हणजे माथेरानचा घाट जेव्हा पावसासाठी बंद, तेव्हा आपला घाट उन्हासाठी बंद, आणि दोन्हीकडे पुन्हा गाडी सुटते ती ऑक्टोबरच्या आसपास! झाडांसाठीही लांब जायला नको. साठ सेंटिमीटरची तुळस १९ पटींच्या हिशेबात साडेअकरा मीटरचा वृक्ष होते. बदल्या, घर बदलणे आणि शेवटी मायदेशी परतणे हे आपल्या पाचवीला पुजलेले, तेव्हा दकोविलप्रमाणे मीटर-मीटरचे तुकडे करून ठेवावेत. खोक्यात भरून कोठेही नेता येतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी नुसती गोल फिरवू नये. दोन स्टेशने आणि मध्ये एक लूप एवढे पुरे. एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी, म्हणून एक रंगवलेली काठी टोकन म्हणून ठेवावी. काठी हातात असेल त्यानेच गाडी काढायची. एक मूल स्टेशनमास्तर, एक ड्रायव्हर, एक सांधेवाला. वर जाणारी गाडी लुपात थांबवून खाली येणारीला वाट देणे जमले की दहा वर्षांच्या मुलालाही जुम्मापट्टीच्या स्टेशनमास्तराचे काम कळते. हे चित्रे दाखवून कळत नाही.

आणि वाचकहो, मोठ्यांसाठीही एक काम आहे. आपल्या मंडळात सोलापूर, लातूर, धाराशिव, सांगली, जळगाव, यवतमाळकडची बरीच कुटुंबे आहेत. कोणाचे वडील किंवा आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात असतील, कोणी बार्शी लाइटवर गार्ड असतील, कोणी शकुंतलेने शाळेला गेले असतील. डब्यांचा रंग कोणता होता, घंटा किती वेळा वाजे, पाणी कोठे भरत, चढाला गाडी अडली तर उतारू काय करत, हे त्यांना विचारून या सुट्टीत वहीत उतरवून आणावे. छोटा डबा रंगवायला बसलेल्या माणसाला नेमक्या याच गोष्टी लागतात आणि त्या कोणत्याही छापील वेळापत्रकात मिळत नाहीत. सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये.